खुर्चीतला प्रवास फुकट नसतो

"कल्पनेला ना तिकीट लागतं ना पासपोर्ट. पुस्तक उघडा आणि घरबसल्या जग फिरा!" हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण ते बोलणारे एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे खुर्ची. खुर्चीसोबत स्वतंत्र खोली, रात्रीचा उजेड, हाताशी पुस्तकांचं कपाट आणि उद्याच्या मजुरीची चिंता नसलेली संध्याकाळ. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपतात, तिथे खुर्ची ठेवायची कुठे? ज्यांना हे सगळं वारशात मिळालं, त्यांनाच कल्पना फुकट वाटते.

दुसरीकडे आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "नळाला पाणी नाही आणि पोरांना प्रवासवर्णनं काय वाचायला देता? हे सुखवस्तूंचे चोचले." मित्रांनो, हेही मला मान्य नाही. आपली चळवळ दूरचे देश मनात पाहणाऱ्यांनीच उभी केली आहे.

जोतीराव फुले अमेरिकेला कधी गेले नाहीत. पण थॉमस पेन त्यांनी वाचला, तिथल्या गुलामांच्या मुक्तीची हकीकत त्यांनी समजून घेतली आणि 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून त्यांनी तिथल्या गुलामाशी इथल्या शूद्रातिशूद्राचं नातं जोडलं.

अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले. त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला तो मुंबईच्या कामगार वस्तीत, महायुद्धाच्या काळात. प्रत्यक्ष रशिया त्यांनी पाहिला 1961 साली. म्हणजे 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक येण्याच्या कितीतरी आधी तो प्रवास त्यांच्या मनात आणि डफावर सुरू झाला होता.

आणि 1972 चे पँथर? 1966 साली ओकलंडमध्ये सुरू झालेली ब्लॅक पँथर चळवळ मुंबईच्या तरुणांपर्यंत पोहोचली ती छापील मजकुरातून. त्यांनी ती वाचली आणि नावासकट आपलीशी केली.

आता प्रत्यक्ष प्रवासाचं बघा. 1901 साली लहानगा भीमराव भावंडांसोबत मसूर स्टेशनवर उतरला. ही मुलं महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं, गाडी मुलांनी हाकली आणि मालक बाजूने चालत राहिला. वाटेत कुणी पाणी दिलं नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवला आहे. ते शीर्षकच बघा! आपल्याच देशात वावरायला ज्यांना जणू व्हिसा लागत होता, त्यांच्यासाठी प्रवास म्हणजे निसर्गसौंदर्य कसं असेल? पुढे 1946 साली याच बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे नेलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. दूरच्या देशाकडे बघताना त्यांचा प्रश्न एकच होता: तिथला दडपलेला माणूस कसा लढतो?

जात टिकते ती 'हे असंच असतं, असंच चालत आलंय' या समजुतीवर. दुसरा समाज डोळ्यांपुढे उभा राहिला की ही समजूत ढिली पडते. जिथे आडनाव विचारून घर नाकारत नाहीत, अशा गावाची कल्पनाच ज्या पोराला करता येत नाही, ते पोर तशा गावासाठी भांडणार कसं?

म्हणून माझा आक्षेप आपल्या अभ्यासिकांवर आहे. मी ज्या वस्त्यांत काम करते तिथे कपाट उघडलं की तलाठी भरती, पोलीस भरती आणि चालू घडामोडी. ही पुस्तकं हवीतच, नोकरी हवीच. पण आपल्या पोरांनी जगाचं भूगोल फक्त एका गुणाच्या प्रश्नासाठी पाठ करायचं आणि जग मनात हिंडून बघायचं काम इतरांनी करायचं, ही वाटणी आपण का मान्य करायची?

येत्या 14 एप्रिलला डीजेच्या वर्गणीतला निम्मा पैसा बाजूला काढा. विहारात जगाचा मोठा नकाशा लावा, पृथ्वीगोल ठेवा, प्रवासवर्णनं आणि अनुवादित कादंबऱ्या आणा. आठवड्यातून एक तास मोठ्याने वाचन करा, म्हणजे ज्यांना अक्षर येत नाही त्या आयाबायाही त्या प्रवासात येतील. आणि दर वाचनानंतर पोरांना विचारा, "तिथे झाडू कोण मारतं? जमीन कुणाची आहे?"

खुर्ची आपल्याला कुणी आणून देणार नाही. ती आपणच मिळवायची आहे.

जय भीम!