दिल्ली-ताश्कंद : नकाशावरचे अंतर आणि आकाशातला वळसा

दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळापासून उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंद हवाई मार्गाने १,६०० किलोमीटरच्या आत आहे. दिल्ली-चेन्नई हे अंतर याहून अधिक, म्हणजे सुमारे १,७६० किलोमीटर आहे. सरळ मार्गाने ताश्कंदला पोहोचण्यास जेमतेम तीन तास लागतात. तरीही एप्रिल २०२५ च्या अखेरीस इंडिगो या भारतीय कंपनीला दिल्लीहून ताश्कंद आणि कझाकस्तानातील अल्माटी येथे जाणारी विमानसेवा थांबवावी लागली. ही शहरे आपल्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेल्याचे कंपनीने जाहीर केले.

पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. ३० एप्रिलला भारतानेही पाकिस्तानी विमानांना तसाच मज्जाव केला. त्यानंतर २०२५ मध्ये दोन्ही देश या बंदीला महिन्यामागून महिना मुदतवाढ देत राहिले.

दिल्ली-ताश्कंद सरळ रेषा उत्तर पाकिस्तानावरून जाते. तिच्या पूर्वेस काराकोरम आणि हिमालयाच्या रांगा आहेत. विमानातील हवेचा दाब अचानक घटल्यास वैमानिकाला विमान तातडीने सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली आणावे लागते. या रांगांची उंची त्याहून कितीतरी अधिक आहे. त्यामुळे उरतो तो अरबी समुद्र, ओमानचे आखात आणि इराणवरून उत्तरेकडे वळणारा मार्ग. या वळशाने अंतर दुपटीहून अधिक होते. अधिक अंतरासाठी अधिक इंधन लागते आणि इंधनाचे ओझे वाढले की प्रवासी व माल कमी घ्यावा लागतो. वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादाही आड येते.

ही बंदी केवळ भारतीय विमानांपुरती असल्याने परदेशी कंपन्यांना सरळ मार्ग खुला राहिला. साहजिकच स्पर्धेत भारतीय कंपन्या मागे पडल्या. २०१९ मध्ये बालाकोट कारवाईनंतर पाकिस्तानी हवाई हद्द जुलैच्या मध्यापर्यंत बंद होती. तेव्हा २ जुलैपर्यंत एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने संसदेत सांगितले होते. पाकिस्तानचीही हानी टळली नाही. २४ एप्रिल ते ३० जून २०२५ या काळात आपले सुमारे ४१० कोटी पाकिस्तानी रुपयांचे उत्पन्न बुडाल्याचे तेथील संरक्षण मंत्रालयाने मान्य केले.

अशी बंदी अपवादात्मक म्हणता येणार नाही. १९७१ मध्ये विमान अपहरणानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना मनाई केली, तेव्हा कराचीहून ढाक्याला जाणारी विमाने श्रीलंकेमार्गे जाऊ लागली. संसदेवरील हल्ल्यानंतर २००२ च्या प्रारंभापासून दोन वर्षे हे आकाश पुन्हा बंद राहिले.

१० जानेवारी १९६६ रोजी लालबहादूर शास्त्री आणि अयुब खान यांनी शांतता करारावर स्वाक्षऱ्या केल्या, त्या याच ताश्कंदमध्ये. आज मध्य आशियाशी व्यापार आणि शिक्षणाचे संबंध वाढवण्याची भारताची इच्छा आहे. तेथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विमानाचे भाडे ही क्षुल्लक बाब नाही. त्यामुळे लांब पल्ल्याची विमाने आणि पर्यायी मार्ग यांची तजवीज संकट ओढवण्यापूर्वीच करणे हिताचे ठरेल.