पैशाचा हिशेब आणि मनाचा कौल

संसाराचा जमाखर्च वहींत लिहिला जातो. परंतु त्यांतील बहुतेक मोठ्या रकमांचा निर्णय वही उघडण्यापूर्वींच मनांत झालेला असतो. सुशिक्षित कुटुंबांत हें सहसा कबूल होत नाहीं. आपलें गणित चांगलें, वाचन पुष्कळ, बोलणें तोलूनमापून. मग व्यवहारांत भावना शिरेल कोठून, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे, हें या वेळीं पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुंबईचाच इतिहास घ्या. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. ती उणीव हिंदुस्थानच्या कापसानें भरून निघूं लागली व मुंबईंत पैशाचा पूर लोटला. कापसाच्या नफ्यापर्यंत सारें ठीक होतें. पण पुढें तो पैसा नव्या कंपन्यांच्या शेअरांत धांवूं लागला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपये भरणा झालेला शेअर ५०,००० रुपयांपर्यंत चढला. समुद्र बहुतेक जागच्या जागींच होता. चढला होता तो लोकांचा भरंवसा. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपुष्टांत आलें, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ रोजीं मुदतीचे सौदे पुरे करण्याचा दिवस उगवला तेव्हां अनेक नामांकित पेढ्यांचें दिवाळें निघालें. तारणाची पुरती चौकशी न करतां कर्जें देणारी जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ सालीं गुंडाळावी लागली.

यांत बुडालेले लोक अडाणी नव्हते. व्याजाचा आंकडा तोंडीं सांगणारे मुरब्बी व्यापारी त्यांत होते. परंतु शेजाऱ्याला मिळालें आणि आपण मागें राहिलों, ही टोंचणी एकदां लागली कीं गणित गप्प बसतें.

लोभापेक्षांही बलवत्तर अशी दुसरी एक भावना आहे. ती म्हणजे गमावण्याची भीति. डॅनियल कानेमन व एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनीं १८७९ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९७९ सालीं, याविषयींचा आपला सिद्धांत प्रसिद्ध केला. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षां शंभर रुपये गेल्याचें दुःख मनाला सुमारें दुपटीनें लागतें, असें त्यांच्या पुढील प्रयोगांतून दिसून आलें. कानेमन यांना २००२ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. ट्व्हर्स्की १९९६ सालींच निवर्तले होते.

या भीतीचें घरगुती रूप आपल्या ओळखीचें आहे. घरांतील कर्त्या पुरुषानें काहीं वर्षांपूर्वीं एक शेअर घेतलेला असतो. त्याचा भाव निम्म्यावर आलेला असतो. तो विकावा, तर नुकसान कागदावर उतरेल आणि निवड चुकली असें चारचौघांत ठरेल. म्हणून “भाव येऊं द्या, मग पाहूं” असें म्हणत तो तसाच पडून राहतो. इकडे पुतणीच्या महाविद्यालयाच्या फीसाठीं शेंकडा १२ नें कर्ज काढलें जातें. बँकेंत शेंकडा ७ ची मुदत ठेव असते, पण ती ‘लग्नाची’ म्हणून तिला हात लावावयाचा नसतो. एक लाख रुपयांवर वर्षाला पांच हजारांची ही तूट कोणाच्याच वहींत दिसत नाहीं. पैशाला असे वेगवेगळे कप्पे करण्याच्या संवयीचा अभ्यास रिचर्ड थेलर यांनीं केला; त्यांना २०१७ सालीं नोबेल मिळालें. हे कप्पे सर्वस्वी वाईट नव्हेत. त्यांच्यामुळेंच कित्येक घरांत लग्नाचा पैसा चैनींत उडाला नाहीं. मात्र त्यांची किंमत काय पडते, हें ठाऊक असावें.

एकत्र कुटुंबांत खरा धोका पैशाच्या तुटीहून मोठा असतो. वडील भावाला विचारणें हा उपमर्द ठरतो, म्हणून धाकटा मुकाट्यानें व्याज भरतो. त्याची पत्नी तें पाहते व मनांत ठेवते. वर्षें लोटतात, आणि एके दिवशीं वांटणीची भाषा निघते. लोक म्हणतात, पैशावरून घर फुटलें. आमच्या मतें, न विचारलेल्या प्रश्नावरून फुटलें.

यावर उपाय साधे आहेत. पडून राहिलेल्या शेअराविषयीं एवढेंच विचारावें: आज इतकी रोकड हातांत असती, तर आपण हाच शेअर घेतला असता काय? उत्तर ‘नाहीं’ असेल, तर तो ठेवण्याचें कारण हिशेबांत नसून मनांत आहे. आनंदाच्या, शोकाच्या वा रागाच्या भरांत ठरविलेली मोठी रक्कम आठ दिवस देऊं नये. बचतीसाठीं थेलर व बेनार्त्झी यांची युक्ति उपयोगी पडेल: पुढील पगारवाढींतील काहीं भाग बचतींत जावा, असें आजच ठरवून ठेवणें. हातांत न आलेला पैसा बाजूला काढतांना गमावल्यासारखें वाटत नाहीं. एका कारखान्यांत या योजनेंत सामील झालेल्या नोकरांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या शेंकडा ३.५ वरून १३.६ पर्यंत गेली.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, महिन्यांतून एकदां घरांतील सर्व वडीलधाऱ्या व कमावत्या माणसांनीं, सुनांसह, वही मध्यें ठेवून बसावें. दागिन्यांचा प्रश्न निघाला तर ज्या स्त्रीचें तें धन, तिचाच शब्द अखेरचा मानावा.

भावनेला घरांतून हांकलून लावा, असें आमचें म्हणणें नाहीं. आईच्या पाटल्या सोन्याचा भाव चढला म्हणून कोणी विकूं नयेत. भावनेसाठीं पैसा अवश्य खर्चावा. फक्त तो किती, हें आधीं सर्वांना माहीत असावें.