महासत्ता म्हणजे 'नाही' म्हणण्याची ताकद

आपल्या कॅन्टीनमध्ये दोन वाद कधीच संपत नाहीत. एक, मेकॅनिकल भारी की कॉम्प्युटर. दुसरा, उद्या अमेरिकेला टक्कर कोण देणार, चीन की भारत? पहिल्या वादात मी पडत नाही (मी ईएनटीसीची!). दुसऱ्यात मात्र गप्प बसवत नाही, कारण तिथे जो तो जीडीपीचे आकडे फेकतो आणि चहा संपला की निघून जातो.

आकडे मीही सांगून टाकते. 2024 साली अमेरिकेची अर्थव्यवस्था सुमारे 29 लाख कोटी डॉलरची होती, चीनची 19 च्या जरा आत आणि आपली 4 च्याही आत. 2001 साली जिम ओनील या अर्थतज्ज्ञाने ब्राझील, रशिया, इंडिया आणि चायना यांची आद्याक्षरं जोडून 'ब्रिक' शब्द काढला, तेव्हापासून उगवत्या देशांच्या याद्या निघतच आहेत. त्याआधी 1998 मध्ये डॉ. कलामांचं 'इंडिया 2020' आलं. त्यात स्वप्न होतं विकसित भारताचं, 'महासत्ता' हा शब्द लोकांनी नंतर चिकटवला. 2020 साल आलं ते कोरोना घेऊन!

माझं म्हणणं असं आहे की याद्या बाजूला ठेवा. कोणता देश किती मोठा, हे ओळखायची साधी परीक्षा आहे. त्याने 'नाही देत जा' म्हटलं, तर दुसऱ्याचं काय बंद पडतं? ही परीक्षा घ्यायला वॉशिंग्टनला जायला नको. पीएमटीचा पास काढा (आता पीएमपीएमएल म्हणायचं), पुण्यातच सगळं सापडेल.

सुरुवात विद्यापीठापासून करू. 1980 च्या दशकात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी आणि संशोधनासाठी सुपरकॉम्प्युटर हवे होते. अमेरिकेने क्रे कंपनीचं एक मशीन हवामानासाठी दिलं, पण बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला हवं असलेलं जास्त ताकदीचं मशीन नाकारलं. कारण? यावर तुम्ही अण्वस्त्रं आणि क्षेपणास्त्रं डिझाइन कराल! मग 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. प्रमुख होते डॉ. विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, नागपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलेले. मुदत तीन वर्षांची. 1991 मध्ये 'परम 8000' तयार झाला आणि पुढे रशियापर्यंत गेला.

ही गोष्ट आपल्याला पहिल्या वर्षापासून इतक्यांदा ऐकवतात की पाठ झाली आहे. पण ती अर्धीच सांगतात. 'परम' मध्ये आत काय होतं? ट्रान्सप्युटर नावाच्या चिप्स, इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या. भटकरांच्या टीमची कमाल अशी की एकच राक्षसी प्रोसेसर मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी अनेक छोटे प्रोसेसर जोडून त्यांच्याकडून समांतर काम करून घेतलं. आर्किटेक्चर आपलं, सॉफ्टवेअर आपलं, जिद्द तर शंभर टक्के आपली. चिप मात्र बाहेरची. नोव्हेंबर 2007 मध्ये टाटांचा पुण्यातलाच 'एका' जगात चौथा आला, तेव्हाही आत इंटेलचे प्रोसेसर होते. सप्टेंबर 2024 मध्ये 'परम रुद्र' आले, त्यातला एक पुण्यात खगोलशास्त्राच्या कामाला आहे. त्याचे सर्व्हर आपण डिझाइन केले, प्रोसेसर पुन्हा इंटेलचेच. 1991 ते 2024 म्हणजे 33 वर्षं झाली की हो!

आता चीन बघा. 2015 मध्ये अमेरिकेने त्यांच्या सुपरकॉम्प्युटर केंद्रांना इंटेलच्या चिप्स द्यायला मनाई केली. जून 2016 मध्ये चीनचा 'सनवे ताइहुलाइट' जगात पहिला आला, स्वतःच्या 260 कोअरच्या प्रोसेसरवर. म्हणून चीन जिंकला असं नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेने पुन्हा निर्बंध लादले, आणि सगळ्यात बारीक चिप्स छापायची मशीन्स बनवणारी हॉलंडची एएसएमएल ती त्यांना विकू शकत नाही. पण नकार मिळाल्यावर चीनने थेट चिपलाच हात घातला, आपण तिथवर गेलो नाही. कॅन्टीनमधल्या जीडीपीवाल्यांना हा फरक दिसत नाही.

आणि आता चीनही 'नाही' म्हणायला शिकला आहे. एप्रिल 2025 मध्ये त्यांनी रेअर अर्थ मॅग्नेट्सच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. जगातले सुमारे 90 टक्के मॅग्नेट्स तिथेच बनतात. जुलैमध्ये आकुर्डीच्या बजाज ऑटोने जाहीरपणे सांगितलं की मॅग्नेट्स मिळाले नाहीत तर ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. मुठीत मावेल एवढ्या मॅग्नेटसाठी अख्खी स्कूटर अडायची वेळ! एकेकाळी अमेरिकेच्या नकाराने बेंगळुरूचं संशोधन अडलं, आता बीजिंगच्या नकाराने आकुर्डीची लाइन. मला विचाराल तर चीन अमेरिकेचा प्रतिस्पर्धी झाल्याचा याहून ठोस पुरावा नाही.

मग आपल्या 'नाही' मुळे कोणाचं काही अडतं का? अडतं. हडपसरला चला. घोडेपालनातल्या पूनावालांनी 1966 मध्ये सुरू केलेली सीरम इन्स्टिट्यूट आज डोसांच्या संख्येने जगातली सगळ्यात मोठी लस उत्पादक आहे. 2021 च्या मार्चअखेरीस, दुसरी लाट भडकल्यावर भारताने लशींची निर्यात थांबवली. गरीब देशांना लस पुरवणारी 'कोव्हॅक्स' योजना सीरमवरच फार विसंबून होती, आफ्रिकेतले कित्येक देश महिनोन् महिने थांबले. ते योग्य होतं का, यावर माझी मैत्रीण आणि मी अजून भांडतो. (तिचं म्हणणं, आधी घरच्यांना. माझं म्हणणं, मग आधी शब्द द्यायचा नाही.) पण मापाला माप लावायचं तर त्या वेळी भारताचा नकार जगाला जाणवला.

गंमत पुढेच आहे. त्याच एप्रिलमध्ये अदर पूनावाला यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना जाहीर विनंती केली की लशीच्या कच्च्या मालावरची बंदी उठवा. फिल्टर वगैरे साहित्य तिकडून यायचं! म्हणजे आफ्रिका हडपसरवर अवलंबून, आणि हडपसर अमेरिकेवर. ही साखळी एकदा नीट डोळ्यांपुढे आणली की 'आपण महासत्ता होणार' असं मोघम बोलणं जड जातं. कोणत्या कडीत, एवढंच विचारावंसं वाटतं.

आपण संशोधनावर जीडीपीच्या साधारण 0.64 टक्के खर्च करतो, चीन अडीच टक्क्यांहून जास्त. पण सरकारला नावं ठेवून आपली सुटका होत नाही. आपल्यातल्या कितीजणांनी 'कोअर' मध्येच राहायचं ठरवलंय? सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने नव्या एच-1बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली, तेव्हा हॉस्टेलवर सुतक असल्यासारखी शांतता होती. एमएसला जाऊ नका असं मी म्हणत नाही, माझाही जीआरईचा क्लास चालू आहे. पण एका सहीने आपली पाच वर्षांची योजना कोलमडत असेल, तर त्या 'नाही' ची ताकद आपल्याएवढी कोणाला कळणार?

हालचाल अगदीच नाही असं नाही. सप्टेंबर 2025 मध्ये इस्रो आणि मोहालीच्या लॅबने केलेला 'विक्रम' प्रोसेसर जाहीर झाला. तो 180 नॅनोमीटरचा, म्हणजे मोबाइलसाठी जुनाट, रॉकेटसाठी पुरेसा. नोव्हेंबरमध्ये मॅग्नेट्स इथेच बनवण्यासाठी केंद्राने 7,280 कोटींची योजना मंजूर केली. केरळ, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत लागणारं खनिज आहेच. अडतं ते वाळूपासून मॅग्नेटपर्यंतच्या प्रवासात, आणि तो प्रवास आहे मेटलर्जीचा. हो, तीच ब्रँच, जी मिळाली की घरचे विचारतात, "कॉम्प्युटरला नंबर नाही का लागला?"

तेव्हा मेटलर्जीवाल्यांना एक विनंती. निओडिमियमचा मॅग्नेट नेमका कसा बनतो आणि आपल्याकडे कुठल्या पायरीवर अडतं, हे पुढच्या अंकात लिहा. मराठीत लिहा, मी कॉन्व्हेंटची असून लिहिलं की!