भरवण्याची घाई नको

अंगावरून वारं गेलं की माणूस संपला, असं आमच्या पोलादपुरात अजून कुणी कुणी म्हणतं. मला ते पटत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटक्यानंतर साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. धावपळ करायची ती तेव्हा. घरी आल्यावर घाई सोडावी.

मुलं नोकरीसाठी मुंबईला, म्हणून आमच्या हिच्या मदतीला एक मावशी घरीच राहतात. ही उजव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडते, त्याला वेळ लागतो. मावशी शेजारी बसून राहतात, भरवत नाहीत. पाहुण्यांना ते निष्ठुर वाटतं. पण हात पुन्हा पुन्हा वापरूनच मेंदू नव्याने शिकतो. पाटीवर मास्तरांनीच अक्षर काढलं तर पोराला ते कधी यायचं?

मात्र असं थांबायला अंगात त्राण लागतं. रात्री दोनदा उठणाऱ्या बाईला दुपारची झोप आणि आठवड्याची सुट्टी मिळालीच पाहिजे. दमलेली बाई भरवून मोकळी होते, त्यात तिचा काय दोष? आमच्या मावशी रविवारी घरी जातात. त्या दिवशी भाकऱ्या मी थापतो. त्या जाड होतात, अशी हिची तक्रार असते.