उधारीची वही एकट्याने किती दिवस सांभाळायची?

आमच्या घरात शाळा एप्रिलमध्येच सुरू होते. सोलापुरात अब्बांचा गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे. सहा मशिनी, सीझनला दोन जास्तीचे कारागीर, आणि काज-बटणाचं काम मोहल्ल्यातल्या बायकांकडे. माल जूनच्या आधी जातो. पैसे येतात दिवाळीला, कधी त्याच्याही नंतर.

तीन वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका व्यापाऱ्याने आमचे 2 लाख 80 हजार रुपये अकरा महिने अडकवले. अब्बा एसटीने चार वेळा जाऊन आले. प्रत्येक वेळी चहा मिळाला. कारागिरांचा पगार शेवटी अम्मीच्या भिशीतून निघाला. ती भिशी आपाच्या लग्नासाठी होती.

मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. शोधता शोधता कळलं, की 2006च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर 15 दिवसांतच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि तक्रार करायला ‘समाधान’ पोर्टल. मला वाटलं, जिंकलो! पण माल गेला होता कच्च्या चिठ्ठीवर आणि आमची उद्यम नोंदणी झाली होती त्यानंतर. अर्ज तिथेच अडला. शेवटी 2 लाखांवर तडजोड केली.

खरं दुखलं ते पुढच्या वर्षी. इचलकरंजीला एका लग्नात मामूंच्या ओळखीचे एक यंत्रमागवाले भेटले. नाव काढताच ते म्हणाले, “त्याच्याकडे? अहो, आमचेही पैसे त्यानेच बुडवलेत, तुमच्या आधीच्या वर्षी.” म्हणजे ही माहिती इचलकरंजीत होती, सोलापुरात नव्हती. मध्ये फक्त एका फोनचं अंतर होतं, पण फोन कुणाला करायचा हेच माहीत नव्हतं.

म्हणून राज्यभराचं जाळं उभारायचं म्हटलं की मला आधी हे आठवतं. आपल्याकडे जाळं म्हणजे हॉल, बॅनर, सत्कार आणि कर्ज मेळावा. कर्ज लागतंच, नाही म्हणत नाही. पण ज्याचे पैसे बाजारात अकरा महिने अडकलेत, त्याला नवं कर्ज म्हणजे दुसरा खड्डा. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, मिरज, सोलापूर, प्रत्येक गावात बिल, जीएसटी आणि उद्यम समजणारी दोन मुलं-मुली असावीत, आणि त्यांचे नंबर एकमेकांकडे असावेत. नवी पार्टी मिळाली, की माल पाठवण्याआधी तिच्या गावच्या मुलाला विचारायचं, पैसे कसे देते? एवढ्यापासून सुरू करूया. (ग्रुप मीही काढला होता. आठवड्यात त्यात ‘जुम्मा मुबारक’चे फोटो उरले. फोन करणारी माणसं लागतात.)

या मुलांनी पहिलं काम घरातच करावं. उद्यम नोंदणी आधारवर होते, फुकट होते. एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. अम्मी, खाला घरी शिवत असतील तर त्यांच्या नावाने करा. मात्र नुसतं दुकान असेल, घेऊन विकण्याचा धंदा असेल, तर नोंदणी होते पण उशिराच्या पैशांसाठीचं हे संरक्षण मिळत नाही. हे आधीच सांगा, नाहीतर लोकांचा विश्वास जातो.

व्याजाचा प्रश्न आमच्याही घरात निघाला. अब्बा म्हणाले, “सूद नको मला. माझे पैसे वेळेवर दे म्हणावं.” मी वाद घातला नाही. व्याज घ्यायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, पण 45 दिवसांची मुदत तरी मागू या. शिवाय आता आयकराचा नियमही आहे: अशी मुदत टळली तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला खर्चात धरता येत नाही. ही गोष्ट त्याचा सीए त्याला बरोबर समजावतो.

एक मात्र मला पटत नाही. बहिष्काराच्या हाका ऐकल्या की आपलेही काही मित्र म्हणतात, आपण फक्त आपल्यातच व्यवहार करू. राग समजतो. पण आमचं कापड भिलवाड्याचं, दोरा देणारे पद्मशाली, टेम्पोवाले लिंगायत, आणि पैसे बुडवणाऱ्याने कुणाचाही धर्म विचारलेला नाही. पद्मशाली काकांचेही त्याच व्यापाऱ्याकडे 40 हजार अडकलेत. त्यांना बाहेर ठेवून माझं जाळं कसं पुरं होणार?

या सीझनला अब्बांनी नवं बिलबुक छापून घेतलं. त्यावर उद्यम क्रमांक आहे, आणि खाली एक ओळ: ‘पैसे 45 दिवसांत द्यावेत.’ ती ओळ मोठ्या अक्षरात घ्या, असं मी छापखान्यात सांगत होतो. अब्बा म्हणाले, “लहानच राहू दे, गिऱ्हाईक बिचकेल.” बिलं छापून आली तेव्हा ओळ मोठीच होती. छापखानेवाल्याचेही पैसे कुठेतरी अडकले असणार.