इंजिनिअर की गॅरेजवाली?

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. माझ्या वेलांट्या कुठे जातील याचा भरवसा नाही, तेव्हा संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं!

तर झालं असं. आमची मारुती ८०० ही २००५ ची, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाची. पावसाळ्यात ड्रायव्हरच्या बाजूचं दार हलवलं की आतून 'डुबुक डुबुक' आवाज यायचा. गॅरेजवाल्याने गाडी न बघताच सांगून टाकलं, "दार गेलंय, बदलावं लागेल." रविवारी मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली उतरले, तर बाबा गॅलरीतून ओरडले, "इंजिनिअर करतोय तुला, गॅरेजवाली नाही!"

खरं सांगते, हात थरथरत होते. मेकॅनिकलचं तिसरं वर्ष, मेकॅनिझमची गणितं झोपेतही सोडवीन, पण काच वर-खाली करायचं हँडल निघतं कसं ते माहीत नाही! त्याला बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही. मागे घोड्याच्या नालासारखी स्प्रिंगची क्लिप असते. हँडल आणि पॅडच्या फटीत जुनं फडकं घालायचं आणि बूट पॉलिश करतो तसं मागे-पुढे ओढायचं, की क्लिप टणकन उडते. (माझी गटाराच्या जाळीजवळ सापडली.) मग बाकीचे स्क्रू, लॉकची खुंटी वगैरे. पॅड ओढताना मात्र बोटं क्लिपांच्या अगदी जवळ हवीत, नाहीतर पुठ्ठा फाटतो. आणि पॉवर विंडोची गाडी असेल तर हिसका देऊ नका, मागे स्विचच्या वायरी असतात.

आत चिकटवलेला प्लास्टिकचा कागद दिसला. मला वाटलं, पॅकिंगचा राहून गेला असेल! पण काचेवरून ओघळणारं पाणी रबराला न जुमानता दारात उतरतंच. बनवणाऱ्याने ते गृहीतच धरलंय. म्हणून तळाला भोकं, पाणी बाहेर जायला. आणि हा कागद, ते आपल्या मांडीवर येऊ नये म्हणून. आमची भोकं पानं आणि चिखलाने बुजली होती. झाडूची काडी घातली आणि तांब्याभर पाणी भस्सकन पायावर!

आता तुम्ही म्हणाल, ती भोकं तर खालूनही मोकळी करता येतात, पॅड कशाला काढलं? कबूल. पण पॅड काढलं नसतं तर ती भोकं कशासाठी आहेत हे मला कळलं असतं का?

मुद्दा पुढेच आहे. पहिल्या वर्षी फिटिंगचा माझा जॉब वर्कशॉपच्या मामांनी घासून दिला. मी जर्नल सुंदर अक्षरात लिहिलं. मार्क मला मिळाले! हाताने करतात ते 'मामा' आणि कागदावर करतो ते आपण 'इंजिनिअर', ही वाटणी केली कोणी? बाबांना कशाला नावं ठेवू, मीही त्यातलीच. माझं तर म्हणणं, व्हायवाला भंगारातून एक दार आणून टेबलावर ठेवा. खोला, परत बसवा, काच वर-खाली करून दाखवा, मग मार्क. आणि परीक्षक म्हणून मामांना बसवा. निम्मा वर्ग नापास होईल, मी पकडून.

संध्याकाळी बाबा खाली आले. दार दोनदा उघडून आपटून पाहिलं, कान लावला. शाबासकी वगैरे काही नाही. पलीकडच्या दाराची काच जड जाते म्हणाले, एवढंच.