आधी हिशेब, मग युरोप

"पोरीला फायनान्सच्या मास्टर्सला युरोपात पाठवायचंय, कुठलं कॉलेज चांगलं?" हा प्रश्न हल्ली तालुक्याच्या गावातही कानावर येतो. मला आनंदच होतो. पण मैत्रिणींनो, घर तारण ठेवण्याआधी नुसतं रँकिंग बघू नका.

पॅरिसचं एचईसी, मिलानचं बोकोनी, लंडनचं एलएसई ही नावं मोठी, तशी फीसुद्धा मोठी. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. मात्र व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम, सप्टेंबर २०२४पासून ११,९०४ युरो, आधी खात्यात दाखवावी लागते. पदवीनंतर नोकरी शोधायला तिथे १८ महिने मिळतात, नेदरलँड्समध्ये एक वर्ष. फ्रँकफर्टला बँका भरपूर, पण शिक्षण इंग्रजीत झालं तरी नोकरीसाठी अनेकदा जर्मन लागतं. मग ती भाषा इथूनच शिकायला नको का?

हा हिशेब मुलीला शेजारी बसवून करा. नोकरीला उशीर झाला तर हप्ता कोण भरणार, हे तिलाही कळू दे. फायनान्स शिकायला निघालेल्या मुलीपासून घरचेच आकडे कशाला लपवायचे? लग्नासाठी जमवलेलं सोनं शिक्षणाला जरूर लावा. फक्त त्या त्यागाचं ओझं तिच्या बॅगेत भरू नका.